शून्य क्रेडिटचे रसिक

पुण्यात गाणाऱ्यांचा तुटवडा पडेल एखाद्या वेळेस, ऐकणाऱ्यांचा पडणार नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तेव्हापासून डिसेंबरच्या थंडीत शाल, थर्मास आणि स्वतःचं मत घेऊन मंडपात बसणाऱ्यांची एक जमातच इथे तयार झाली आहे. मी त्या जमातीतली. मला स्वतःला आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही. पण गवयाचा निषाद आज जरा उतरलाय हे मी सगळ्यात मागच्या रांगेतून सांगू शकते, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं नसलं तरी सांगते. तानसेन होता आलं नाही तर कानसेन व्हावं, असं म्हणतात. आम्ही मधला प्रयत्न वगळून थेट दुसऱ्या पायरीवर आलो.

अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजांत सगळं याच्या उलट आहे. तिथे गाणारे-वाजवणारे उदंड. ऐकायला माणूस मिळत नाही.

हे मला कळलं ते भाचीमुळे. धाकट्या बहिणीची ही मुलगी अशाच एका कॉलेजात संगीत शिकते. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडं बोलणार आहे. चारही बाजूंना मका, मध्ये दोनेक हजार मुलं, एक पिझ्झाचं दुकान आणि लाल विटांच्या इमारती, एवढं सांगितलं तरी पुरे. अमेरिकेत अशी कॉलेजं पुष्कळ आहेत आणि सगळी याच वर्णनात बसतात.

मुलगी संगीत शिकते ही गोष्ट चारचौघांत सांगायची कशी, हा बहिणीपुढचा खरा प्रश्न. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात 'मुलगी काय करते?' याचं उत्तर झटकन द्यावं लागतं, कारण मागे बटाटेवड्याची रांग थांबलेली असते. 'म्युझिक' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ते कळलं गं, पण करते काय?" म्हणून बहीण आधी खणखणीत आवाजात 'न्यूरोसायन्स' म्हणते आणि 'अँड म्युझिक' वड्याचा घास घेता घेता उरकते. या कॉलेजांत असे दोन विषय मुख्य म्हणून घेता येतात. एक पोरांसाठी, एक मंडळासाठी.

भाऊजींची समजूत भाचीने इतिहास सांगून काढली. मध्ययुगीन युरोपात लिबरल आर्ट्‌स म्हणजे सात विद्या होत्या. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या पुढच्या चार. म्हणजे संगीताची बैठक गणिताच्या पंगतीत. "म्हणजे स्टेमच की!" भाऊजी म्हणाले आणि त्या रात्री नीट झोपले. आमच्याकडे अशा कला चौसष्ट होत्या हे मी त्यांना ऐकवलं. वात्स्यायनाच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य अगदी पहिल्या तीन क्रमांकांवर आहेत. पुढे मेंढ्या-कोंबड्यांच्या झुंजी लावणं आहे, पोपट-मैनांना बोलायला शिकवणंही आहे. ही शेवटची कला परदेशातल्या मराठी मंडळांच्या बालनाट्यांनी अजून जिवंत ठेवली आहे.

भाऊजींना आणखी धीर यावा म्हणून मी स्टीफन साँडहाइमची गोष्ट सांगितली. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात हा मुलगा गणित शिकायच्या बेताने गेला. तिथे संगीताचा एक वर्ग त्याने घेऊन पाहिला. शिकवणारे रॉबर्ट बॅरो इतके कोरडे की इतर मुलं कंटाळून जायची. साँडहाइमला मात्र त्या कोरडेपणातच साक्षात्कार झाला: गाणं आभाळातून पडत नाही, ते हिशोबाने बांधावं लागतं. १९५० साली तो संगीताची पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढे ब्रॉडवेचा बादशहा झाला. मी इतकं रंगवून सांगितलं, पण भाऊजींनी त्यातलं 'गणित सोडलं' एवढंच ऐकलं. पैशाचंही त्यांचं असंच. या कॉलेजांपैकी पुष्कळांचा वर्षाचा छापील खर्च ऐंशी हजार डॉलरच्या पुढे जातो. आर्थिक मदतीने तो बराच खाली येतो, भाचीचाही आला. भाऊजींनी पाठ केलाय तो छापील.

आता भाचीच्या व्हायोलाबद्दल. न्यू जर्सीत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हातात एका ठरावीक वयाला व्हायोलिन दिलं जातं, तसं तिच्याही हातात दिलं गेलं. पण कॉलेजच्या प्रवेशाला व्हायोलिनवाले मुबलक. कुणा जाणत्याने सल्ला दिला, व्हायोला घे. हे व्हायोलिनहून जरा मोठं, जरा खर्जातलं आणि बरंचसं दुर्लक्षित वाद्य. छोट्या कॉलेजच्या ऑर्केस्ट्राला व्हायोला लागतो, ओबो लागतो, बासून लागतो, आणि दोन हजार पोरांत ते वाजवणारी मिळणार किती? बासून वाजवणाऱ्या मुलाला तिथे कोथरूडमध्ये स्वतःचा फ्लॅट असलेल्या एकुलत्या एका मुलाचा भाव आहे.

एवढं करूनही जागा उरतातच. मग भाचीच्या ऑर्केस्ट्रात ओबोला रसायनशास्त्राची मुलगी, डबल बासला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आणि फ्रेंच हॉर्नला गावातला दातांचा डॉक्टर. भाचीकडे गेले तेव्हा ही ओबोवाली मला फार आवडली. ती ओबो वाजवताना क्वचित दिसते. बहुतेक वेळ बोरूच्या जातीच्या काडीची पातळ पट्टी चाकूने तासत बसलेली असते, कारण ओबोची जिभली ज्याची त्याने करायची, आणि ती थोड्याच दिवसांत बाद होते. मी तिला मिरजेच्या तंबोरे करणाऱ्यांविषयी आणि जवारीविषयी सांगितलं. घोडीवर तार टेकते तिथे केसाएवढा फरक केला की सगळा आवाज उघडतो, हे ऐकून तिने चाकू खाली ठेवला आणि मिरजेला विमान जातं का, असं विचारलं. मी कोल्हापूरपर्यंतचं सांगितलं.

आता गणित असं, की हे सगळे स्टेजवर चढल्यावर सभागृहात राहतं कोण? रूममेट्‌स. आणि पुण्याहून आलेली मावशी.

हे वेड एका कॉलेजपुरतं आहे असंही नाही. मिनेसोटात नॉर्थफील्ड नावाचं गाव आहे, त्याचं ब्रीदवाक्यच 'गाई, कॉलेजं आणि समाधान' असं आहे. (पुणेकराला यातल्या पहिल्या दोन गोष्टी एकत्र पाहायची सवय आहे.) तिथलं सेंट ओलाफ हे नॉर्वेहून आलेल्या लुथरन लोकांनी १८७४ साली काढलेलं कॉलेज. त्याचा गायनवृंद १९१२ सालचा. ही मुलं हातात कागद न घेता तोंडपाठ गातात आणि गाताना एकमेकांचे हात धरतात. आमच्याकडे दोन गवयांनी एकमेकांचा हात धरला तर तो फोटोपुरता. त्यांच्या नाताळच्या उत्सवात पाचशेच्या वर विद्यार्थी गातात-वाजवतात, आणि अख्ख्या कॉलेजात मुलं असतील तीनेक हजार. तिकडे ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजची संगीतशाळा १८६५ सालची. तिच्याकडे दोनशेच्या वर स्टाइनवे पियानो आहेत. गावाची वस्ती आठ-साडेआठ हजार, म्हणजे साधारण चाळीस माणसांमागे एक स्टाइनवे पडतो. आमच्या सोसायटीत चाळीस माणसांमागे एक लिफ्ट आहे, ती बंद असते.

अभिमानाला खरा धक्का मात्र कनेक्टिकटमध्ये बसला. तिथलं वेस्लियन नावाने विद्यापीठ असलं तरी जातीने लिबरल आर्ट्‌स कॉलेजच. १९६०च्या दशकात तिथे कर्नाटक संगीत शिकवायला सुरुवात झाली. जॉन हिगिन्स हा तिथलाच विद्यार्थी ते शिकला, मद्रासला गेला, थेट तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत गायला आणि लोकांनी त्याला 'हिगिन्स भागवतर' करून टाकलं. १९७६पासून वेस्लियनमध्ये नवरात्रीचा उत्सवही होतो. दक्षिणेची मंडळी तिथपर्यंत पोचली आणि आपण कसे मागे राहिलो, असं मी तावातावाने म्हणाले. त्यावर भाचीने फोनवर शोधून शांतपणे वाचून दाखवलं: भीमसेन जोशी गदगचे, सवाई गंधर्व कुंदगोळचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे. मग आम्ही काय केलं? आम्ही मंडप घातला. आणि मत दिलं.

तिच्या अभ्यासाचं ऐकाल तर चक्रावून जाल. पहिली दोन वर्षं चार आवाजांची स्वररचना लिहायची. नमुना म्हणून बाखच्या चर्चगीतांचा ३७१ रचनांचा संग्रह पुढे ठेवतात. (या बाखला लाइपझिगच्या नगर परिषदेने १७२३ साली नेमलं ते तिसरी पसंती म्हणून, टेलेमान आला नाही, ग्राउपनरला सोडलं नाही, तेव्हा याला घेतलं. कमिट्या तेव्हाही कमिट्याच होत्या.) या लेखनातलं महापातक असं: दोन आवाज एकमेकांपासून पंचमाच्या अंतरावर असतील आणि तेच अंतर राखून दोघंही पुढच्या सुरावर सरकले, की लाल शाई. भाचीच्या वह्या या एका गुन्ह्याने रक्तबंबाळ झालेल्या. मला हे काही झेपेना. षड्ज-पंचमाचं नातं आम्ही सगळ्यांत पवित्र मानतो, तंबोरा त्याच्यावर लावतो. बरं, तिच्या व्हायोलाच्या चारही तारा पंचमा-पंचमाच्या अंतरावरच लावलेल्या असतात. मग वाजवताना चालतो तो पंचम लिहिताना का चालत नाही?

"मावशी, पंचम चालतो गं," ती म्हणाली. "पण दोघांनी तेच अंतर धरून एकामागे एक चालायचं नाही. मग दोन आवाज राहत नाहीत, एकच ऐकू येतो. प्रत्येकाने स्वतंत्र राहायचं आणि तरी दुसऱ्याशी जमवून घ्यायचं."

बहिणीने भाऊजींकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. विषय तिथेच थांबला.

दुसरा विषय कान तयार करण्याचा. 'डो' कुठेही धरायचा आणि तिथून 'रे-मी' गायचं, याचं तिला फार अप्रूप. यात विशेष काय, मी म्हटलं, षड्ज कुठेही धरता येतो. कुणाची काळी चार, कुणाची पांढरी एक. पेटीच्या पट्ट्या मोजून सूर सांगायची ही आपली पद्धत तिने मैत्रिणींना शिकवली, आणि आता त्या वसतिगृहातल्या तीन अमेरिकन मुली 'काळी पाच' असं न अडखळता म्हणतात. त्यातल्या एकीला ईश्वराने असा कान दिलाय की कुठलाही आवाज ऐकला की तिला सूर कळतो. तिने फ्रीजला कान लावून सांगितलं, हा ना काळी पाच, ना पांढरी सात, मध्येच कुठेतरी. भाचीने लगेच शास्त्र सांगितलं: अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्‌झ, ती बरोबर त्या दोन पट्ट्यांच्या मधे पडते. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. सगळा महाराष्ट्र रात्री पांढरी पाचमध्ये झोपतो, हे ज्ञान मला त्या मक्याच्या शेतात झालं. वीज असेल तेव्हा, अर्थात.

पण मूळ मुद्दा ऐकणाऱ्यांचा. सभागृह रिकामं राहतं यावर या कॉलेजांनी काय उपाय काढलाय ठाऊक आहे? सक्ती. संगीत मुख्य विषय असेल तर दर सत्रात अमुक इतक्या मैफलींना हजेरी लावायची. भाचीच्या कॉलेजात दारात ओळखपत्र दाखवायचं, ते यंत्रावर टिपलं जातं, आणि कार्यक्रम संपल्यावर पुन्हा टिपलं जातं, कारण पहिल्या वर्षाची मुलं पहिली टिपणी झाली की मागच्या दाराने पिझ्झाला जातात. या हजेरीला अभ्यासक्रमात रीतसर विषयाचा दर्जा आहे. क्रमांक आहे, प्रगतिपुस्तकात ओळ आहे. क्रेडिट किती? शून्य.

मी तो कागद दोनदा वाचला. व्हायोलाला क्रेडिट, थिअरीला क्रेडिट, कॉलेजच्या तलावात पोहण्याला अर्ध्याच्या अर्धं का होईना क्रेडिट. ऐकणे: शून्य. ज्या एका विद्येत माझं आयुष्य गेलं, तिची किंमत एका मान्यताप्राप्त संस्थेने लेखी दिली होती.

आमचे हे म्हणाले, "निदान अनुत्तीर्ण तर नाही."

ह्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी रसिकतेचा झेंडा रोवला. एका मुलाची पियानोची मैफल होती. तीन भागांची रचना, दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेवटी वाजवायच्या, अशी तंबी भाचीने आम्हाला दिली होती. टाळ्यांची दिली होती. दादेची द्यायची राहिली. दुसरा भाग संथ. त्या मुलाने एका सुरावर येऊन असा काही ठहराव घेतला की ह्यांच्या तोंडून मनापासून निघालं, "व्वा! क्या बात है!" वरून हातही फिरला, सवाईत फिरतो तसा. पुढच्या रांगेतली सगळी डोकी एकदम मागे वळली. पोराने वाजवणं सोडलं नाही, पण त्याचे कान लाल झाले. मध्यंतरात एक आजीबाई हळूच येऊन ह्यांना विचारून गेल्या, तुम्हाला बरं वाटतंय ना, बाहेर परिचारिका आहे. त्यांच्याकडे संगीत अंगावर आल्याची खूण म्हणजे दगडासारखं निश्चल बसणं. हे मी पाहिलं आणि मला आमची मंडपातली माणसं आठवली. समेला माना हलल्या नाहीत तर गवई थांबून विचारेल, मंडळी आहेत ना?

कार्यक्रमानंतर मात्र सगळा हिशोब उलटा. निश्चल बसलेल्या त्याच माणसांनी त्या पोरावर स्तुतीचा असा वर्षाव केला की मला वाटलं, सभागृहात मी चुकून दुसऱ्याच कुणाला ऐकलं. सत्राअखेरीला तीन-चार शिक्षकांपुढे वाजवून दाखवायची परीक्षा असते, तिला ज्युरी म्हणतात. त्यांचे शेरेही भाचीने दाखवले. 'अप्रतिम', 'किती मोकळा आवाज', 'हे ऐकणं म्हणजे आनंद', आणि खाली बारीक अक्षरात, 'पुढच्या वेळी सुरात वाजवण्याचा विचार करावा'. माझ्या एका मैत्रिणीने गाण्याच्या बाईंकडे पुष्कळ वर्षं काढली. एकदा तिचा मालकंस फार चांगला झाला तेव्हा बाई म्हणाल्या, "चहा घेणार का?" ते कौतुक होतं, हे तिला बाई गेल्यावर कळलं. कौतुक असं पाहिजे, अंदाजाने ओळखावं लागणारं. येताजाता 'ग्रेट जॉब' म्हणणं हे काही कौतुक नव्हे, हे माझं मत मी त्या मुक्कामात मिळेल त्याला सांगितलं.

एका संध्याकाळी तर हजेरीसाठी शांततेचा कार्यक्रम होता. जॉन केजची साडेचार मिनिटांची ती प्रसिद्ध रचना, १९५२ सालची, ज्यात वाजवणारा काहीच वाजवत नाही. हा केजही एका लिबरल आर्ट्‌स कॉलेजचाच, कॅलिफोर्नियातल्या पोमोनाचा. तिथे ग्रंथालयात त्याला वर्गातली शंभर मुलं एकाच पुस्तकाच्या प्रती वाचताना दिसली. हा उठून कपाटांकडे गेला आणि ज्या लेखकाचं नाव 'झेड'ने सुरू होतं त्याचं पहिलं पुस्तक काढून वाचलं. परीक्षेत वर्गात सगळ्यांत जास्त गुण यालाच. तेव्हा ही संस्था काही बरोबर चालत नाही असं ठरवून त्याने कॉलेज सोडलं. आपल्याकडे एवढे गुण मिळाले असते तर त्याने क्लास काढला असता. पुढे १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. केजने त्यांना तिकडचं संगीत फी न घेता शिकवलं, बदल्यात आपलं शिकून घेतलं. ती शांतता मला आवडली. अर्थात ह्यांनी खोकल्याची गोळी त्याच वेळी सोडायला घेतली, आणि तिचा कागद पुण्याचा होता. त्या रात्रीच्या रचनेत सगळ्यात ठळक सूर आमच्या घराण्याचा.

भाचीची स्वतःची मैफल रविवारी दुपारी होती. शेवटच्या वर्षाला तासाभराचा कार्यक्रम एकटीने करावा लागतो. पत्रिका आपणच लिहायची, रचनांची माहिती आपणच द्यायची. तिने रिबेका क्लार्कचा व्हायोला सोनाटा निवडला होता. १९१९ साली एका स्पर्धेत हा सोनाटा आणि अर्न्स्ट ब्लॉखची रचना यांना परीक्षकांची सारखी मतं पडली. शेवटी पहिलं बक्षीस ब्लॉखला दिलं गेलं. नावं उघडल्यावर बाईने असं लिहिलंय यावर काहींचा विश्वासच बसेना. रिबेका क्लार्क हे ब्लॉखचंच टोपणनाव असणार, इथपर्यंत कुजबुज गेली. भाची हे सगळं स्टेजवरून सांगत होती, आणि भाऊजी, जे पाच वर्षं व्हायोलाला 'ते मोठं व्हायोलिन' म्हणत होते, पुढे वाकून ऐकत होते.

वाजवलं तिने छान. पहिल्याच सुरावलीत असा काही जोर होता की मी ह्यांचा हात धरून ठेवला, तोंड उघडू नये म्हणून. खर्जातले काही सूर निसटले, मधला भाग जरा घाईत गेला, हे मी बहिणीला नंतर सांगितलं, न विचारता. सभागृहात ओबोवाली होती, बासूनवाला होता, दातांचे डॉक्टर होते, पोरांतलेच पोर म्हणावेत असे दोन प्राध्यापक होते. एकूण प्रेक्षकांत निखळ श्रोते म्हणता येतील असे आम्हीच चौघं. बाकी सगळे आपली पाळी असताना भाचीने हजेरी लावली होती म्हणून आलेले. नंतर खाली चीज, द्राक्षं, बिस्किटं मांडली होती. बहिणीने चकल्या ठेवल्या, त्या चीजच्या आधी संपल्या.

आम्ही निघायच्या आधी एक संध्याकाळ भाचीने आम्हाला जावाच्या गामेलानच्या वर्गाला नेलं. काशाचे गाँग, तासे, पट्ट्यांची वाद्यं अशी खोलीभर मांडलेली. असे वाद्यमेळ अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांत आहेत, कारण संगीताचा गंध नसलेला मुलगाही त्यात पहिल्या दिवसापासून बसू शकतो. दारातच सूचना: जोडे बाहेर काढा, वाद्य ओलांडू नका. त्या देशात इतके दिवस काढल्यावर पहिल्यांदाच कुणी माझ्या आईसारखं बोललं. एका कोपऱ्यात बसून ऐकायचं, असा आमचा बेत. पण मोठा गाँग वाजवणाऱ्या मुलाची त्या दिवशी प्रयोगशाळा होती. मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

मी फक्त ऐकते, असं मी इंग्रजीत सांगून पाहिलं. ते म्हणाले, मग तर बरंच झालं. सोळा मात्रांचं आवर्तन, गाँग शेवटच्या मात्रेवर एकदा.

"मधल्या पंधरा मात्रा काय करायचं?"

"ऐकायचं."

तीनताल मला झोपेतही चुकत नाही. त्यांची जड मात्रा शेवटची, आपली पहिली. मी मनातल्या मनात त्यांच्या सोळावीला एक म्हणून टाकलं आणि भांडण मिटवलं. गाँग अगदी मात्रेवर मारायचा नाही, कणभर मागे राहून मारायचा, त्यातच डौल असतो, हेही मास्तरांनी सांगितलं. समेवर मान हलवण्यात आयुष्य गेलं. आता मानेऐवजी हात हलवायचा एवढंच. पहिली दोन आवर्तनं घाबरत गेली. तिसऱ्याला जो गाँग बसला, तो असा काही बसला की पट्टीवाल्या पोरांनी माना वर केल्या आणि मास्तर दोन्ही अंगठे वर करून ओरडले, "ग्रेट जॉब!"

आता येताजाता केलेल्या कौतुकाबद्दलचं माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. ते बदललेलं नाही. फक्त हे नेमके त्याच वेळी स्वच्छतागृह शोधायला गेले होते, म्हणून ते परत आल्यावर तेच पुन्हा एकदा जरा मोठ्याने म्हणाल का, एवढं मी भाचीकरवी मास्तरांना विचारून घेतलं.